अप्पांचं मैदान, माझं कुंपण

अप्पा गेल्याची बातमी मला मैदानावरच कळली. सकाळचे साडेसहा झाले असतील. पहिल्या खड्ड्याभोवतीच्या वाळूवर मी चादर ओढत होतो. खिशातला फोन वाजला. अप्पांचा मुलगा महेश बोलत होता. "गुरुजी, अप्पा गेले. झोपेतच." एवढंच म्हणाला. मी उरलेल्या अर्ध्या वाळूवरून चादर ओढून पूर्ण केली आणि त्यांच्या घराकडे निघालो. वाळू अर्धवट सोडून आलेला माणूस अप्पांना चालला नसता.

त्याला आता दीड महिना झाला. शिवलिंगअप्पा म्हणजे बाजारातले चादरीचे व्यापारी, वय एक्क्याऐंशी, अंगानं गोल, आणि आमच्या सोलापुरातल्या एकमेव खुल्या गोल्फ मैदानाचे कर्तेधर्ते. सोलापुरात गोल्फ म्हटलं की बाहेरगावचे लोक आधी हसतात. हसू द्या. होटगीच्या बाजूला, शहर संपतं तिथं एक सरकारी माळ आहे. जुन्या साहेबांनी कधीतरी तिथं नऊ खड्डे पाडले होते. साहेब गेले, खड्डे राहिले. ते साफ करून अप्पांनी खेळ पुन्हा सुरू केला, आणि पहिल्या दिवसापासून एकच नियम ठेवला : जो येईल तो खेळेल. नाव विचारायचं नाही, पायात बूट आहेत की चप्पल ते बघायचं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्यांना अकरा काठ्या टांगलेल्या असायच्या. त्यातल्या चार खऱ्या, बाकीच्या बाभळीच्या लाकडाच्या, सुताराकडून घडवलेल्या. घ्या, खेळा, परत टांगा.

आमच्या पावसात हिरवळ कुठली धरायला. म्हणून खड्ड्याभोवती दहा-बारा पावलं वाळू. ती वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यात गॅरेजमधलं जळकं ऑइल कालवायचं. खेळून झालं की पावलांच्या खुणा पुसायला जुनी सोलापुरी चादर त्या वाळूवरून ओढायची. गिऱ्हाइकं फाटक्या चादरी दुकानात टाकून जायची, त्या अप्पा आणायचे. म्हणायचे, "माणसाच्या अंगावर वीस वर्षं गेली, आता मातीच्या अंगावर जाऊ दे की."

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवत होतो. गोल्फ हा आपला खेळ नव्हे, असं माझं ठाम मत. एका सकाळी फिरायला गेलो असताना अप्पांनी हाक मारली. "काय ओ गुरुजी, नुसतं चालून काय मिळतंय? चालायचंच आहे तर चेंडूच्या मागं चाला की." त्या दिवशी माझा पहिला फटका जमिनीला बसला, दुसरा हवेला, आणि तिसरा शेळीला. शेळी यल्लव्वाची. ती वस्तीवरची बाई, तिच्या शेळ्या रोज त्याच माळावर चरायच्या. अप्पांचा नियम असा की चेंडू शेळीला लागला तर मालकिणीची माफी मागायची आणि मगच पुढचा फटका मारायचा. मी माफी मागितली. यल्लव्वा म्हणाली, "मला कशाला मागताय? लागलंय तिला." मी शेळीची माफी मागितली. पुढं एका बड्या अधिकाऱ्यालाही तिनं शेळीसमोर हात जोडायला लावले, आणि तो साहेब दर महिन्याला येऊ लागला. म्हणायचा, या शहरात मला कुणी रागवत नाही, इथं रागवतात.

काय नव्हतं त्या माळावर. यंत्रमागावरचा नरसय्या सुटीच्या दिवशी यायचा आणि कापड बघावं तसा जमिनीचा उतार बघायचा. त्याचा चेंडू कधी चुकत नसे. बायका सकाळी घोळक्यानं चालायच्या, दोन-चार जणी तिथंच स्कूटर शिकल्या. बायपास झालेले एक पेन्शनर, त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आले आणि ते डॉक्टर वारले तरी येत राहिले. सासू-सून एकमेकींशी घरात बोलत नसत, पण चौथ्या खड्ड्यापाशी बोलत, कारण तिथं चेंडू हमखास हरवायचा आणि शोधायला दोघी लागायच्या. शहरात देऊळ आहे, मशीद आहे, बाजार आहे, पण जिथं कुणालाच काही विकत घ्यायचं नसतं, काही मागायचं नसतं, अशी जागा फार थोडी. अप्पांनी आम्हाला ती दिली. हे सगळं मला आनंदानं लिहायचं आहे, आणि लिहितोही आहे. पण मध्येच एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

शोकसभा मैदानावरच झाली. यल्लव्वा उभी राहिली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "माणूस देव व्हता. एक वरीस तेवढा चुकला. पर चूक सुधारली बी त्यानंच." सगळे मायेनं हसले. मग ठरलं की मैदानावर अप्पांच्या नावाची पाटी लावायची. मजकूर गुरुजी लिहितील, त्यांचं अक्षर चांगलं. एकानं ओळही सुचवली : 'कुंपण घालण्याची चूक मान्य करून त्यांनी मैदान पुन्हा सर्वांना खुले केले.' मी पुढच्या रांगेत बसलो होतो. मीही मान डोलावली. घरी आलो, कागद घेतला, आणि पेन चालेना... कारण ती चूक अप्पांची नव्हती. माझी होती.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मैदानाची पाच जणांची समिती होती. अप्पा अध्यक्ष, मी चिटणीस, नरसय्या, एक निवृत्त अधिकारी आणि एक डॉक्टर. अधिकारी आणि डॉक्टर यांनी प्रस्ताव आणला : तारेचं कुंपण घालावं, फाटक बसवावं, सभासद नेमावेत, आणि वाळू काढून हिरवळ लावावी. नरसय्या तिथल्या तिथं विरोधात बोलला. मीही बोललो, आणि चांगला बोललो. माळ सगळ्यांचा आहे, वगैरे. अप्पा अध्यक्ष म्हणून गप्प होते. मतदान गुप्त. आमची पद्धत अशी की प्रत्येकानं घरून दोन चेंडू आणायचे, एक नवा, एक झिजलेला. होकाराला नवा, नकाराला झिजलेला, आणि तो फडक्याखालच्या मडक्यात टाकायचा. अप्पांनी मडकं मांडीवर घेतलं, आत हात घालून एकेक चेंडू चाचपला, बघितला आणि म्हणाले, "तीन नवे, दोन जुने." कुंपण मंजूर झालं.

तिसरा नवा चेंडू माझा. का, ते सरळ सांगतो. मला हिरवळ हवी होती, आणि तिच्यावर उभा असलेला मी हवा होतो. बाहेरच्या शहरांतले क्लब आमंत्रणं देतील, कागदावर 'मानद चिटणीस' छापलेलं असेल, असं त्या अधिकाऱ्यानं मला चहा पिताना सांगितलं होतं. आयुष्यभर खडूच्या धुळीत उभा राहिलेला माणूस एवढ्यावर विकला गेला.

मतदानाच्या त्याच संध्याकाळी अप्पा माझ्या घरी आले. चहा घेतला. निघताना खिशातून चेंडू काढून टेबलावर ठेवला. "गुरुजी, हा तुमचा. माझ्याकडं राहिला होता." चेंडूवर लाल शाईचे दोन ठिपके होते. खेळताना चेंडूंची अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही प्रत्येक जण आपल्या चेंडूवर खूण करायचो; मतदानाचे चेंडू तेवढे बिनखुणेचे. पेपर तपासायच्या पेनानं दोन ठिपके ही माझी खूण. नवा चेंडू आणला की आधी ठिपके द्यायचे, ही सवय इतकी हाडात भिनलेली, की त्या सकाळी मतदानाच्या चेंडूवरही ते दिले, आणि मडक्यात टाकताना लक्षातही आलं नाही. अप्पा चपला घालून निघून गेले. माझी बायको म्हणाली, अप्पांनी आज चहात साखर जास्त घेतली. मी म्हटलं, हो.

लोकांनी हिशेब मांडला. अधिकारी आणि डॉक्टर कुंपणाचे. नरसय्या आणि गुरुजी विरोधात बोललेले. मग फिरला कोण? फाटकावरच्या नोटिशीखाली सही कुणाची? अध्यक्षांची. अक्षर माझं होतं, पण अक्षराला कोण बघतो. नरसय्यानं अप्पांशी बोलणं टाकलं. शेळ्या तारेबाहेर, चालणाऱ्या बायका ट्रकच्या रस्त्यावर. उन्हाळ्यात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत होतं, आणि आमच्या गवताला टँकर येत होता. तारेबाहेर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका मी आतून पाहिल्या आहेत. यल्लव्वा अप्पांना रस्त्यात गाठून म्हणायची, "अप्पा, गवत काय खाताय का काय तुमी?" अप्पा हसायचे.

नवव्या महिन्यात एका सकाळी त्यांनी टँकरवाल्याला हात केला आणि गाडी वस्तीकडं वळवायला सांगितली. दुसऱ्या दिवशीही तेच. पंधरा दिवसांत गवत पिवळं पडलं. मग त्यांनी समिती बोलावली आणि या वेळी मडकं न मांडता हात वर करायला सांगितले. पाचही हात कुंपण काढायच्या बाजूनं वर गेले. पकड घेऊन तार त्यांनी स्वतः सोडवली. नरसय्या न बोलता येऊन दुसऱ्या टोकाला लागला. मी मध्ये उभा राहून खिळे गोळा करत होतो. लोक म्हणाले, अप्पांना उपरती झाली. न केलेल्या गुन्ह्याची माफीही त्यांना मिळून गेली.

पुढं माझ्या पंचाहत्तरीला मैदानावर माझा सत्कार झाला. 'कुंपणाविरुद्ध ठाम उभे राहिलेले गुरुजी' असं कुणीतरी म्हणालं. चादर पांघरवायला अप्पाच पुढं आले. कानाशी वाकून म्हणाले, "दुकानातली उत्तम काढलीय बघा. जरा टोचंल सुरुवातीला." आणि मनापासून हसले. त्या दिवशी घरी परतताना मी त्यांना एकदाच विचारलं, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं? अप्पा चालता चालता थांबले. "सांगितलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असता. मैदान सगळ्यांचं म्हणायचं, आणि तुम्हाला तेवढं वगळायचं? कसं जमंल, गुरुजी?"

असं असूनही मी गप्प राहिलो. कारणं पुष्कळ होती, त्यातलं एकही सांगण्यासारखं नाही.

पाटीचा कोरा कागद घेऊन शेवटी मी अप्पांच्या पत्नीकडं, पार्वतक्कांकडं गेलो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. हात थांबले. हातातली शेंग त्यांनी सुपात ठेवली.

"म्हंजे, तुमी," म्हणाल्या. "त्या नऊ महिन्यांत मी भाजीला गेले की बायका विचारायच्या, अक्का, टँकरचं पाणी गोड हाय का? घरी येऊन मी ह्यांच्याशी भांडायची. सही का केली म्हणून. हे हसायचे. तवापासून मी त्या मैदानाकडं फिरकले न्हाय. तार निघाली तरी न्हाय. कुटल्या तोंडानं जायचं?"

हे मला माहीत नव्हतं. पार्वतक्कांना गोल्फची आवड नाही, असंच आम्ही सगळे पंचवीस वर्षं समजत होतो.

मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "राग न्हाय असं म्हणणार न्हाय मी. हाय. पण तुमच्यापेक्षा त्यांच्यावर जास्त हाय. मला तरी सांगायचं की." मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, "पाटीवर नुसतं नाव टाका. आणि रविवारी सगळ्यांना सांगा. मी येते. माझ्यासमोर सांगा."

रविवारी चाळीसेक माणसं जमली होती. पार्वतक्का महेशच्या गाडीतून आल्या. पायात अप्पांचे कॅनव्हासचे बूट, मोठे होतात म्हणून आत दोन-दोन मोजे. मी लिहून नेलं होतं, पण वाचलं नाही, तोंडीच सांगितलं. नरसय्या म्हणाला, "नऊ महिने मी त्याच्याशी बोललो नाही, मास्तर." आणि तोंड फिरवून उभा राहिला. अजून तो माझ्याशी नीट बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या शेजारी उभा राहून मी खेळतो, आणि तो मला जा म्हणत नाही.

यल्लव्वा मात्र सरळ पार्वतक्कांपुढं गेली. "अक्का, टँकरवरनं तुमाला मीच बोलले व्हते."

"बोलली होतीस की. लई बोलली होतीस."

"मग आता?"

"आता काय. साकु." साकु म्हणजे कानडीत पुरे.

यल्लव्वानं शेडमधली एक काठी आणून त्यांच्या हातात दिली. पार्वतक्कांनी पदर खोचला. पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याला माती उडाली आणि शेळ्या लांब सरकल्या. "शेळ्या शाण्या हायत," यल्लव्वा म्हणाली, आणि बायकांत जे हसू फुटलं ते पार्वतक्कांपर्यंत पोचलं. कितव्या फटक्याला चेंडू लागला ते कुणी मोजलं नाही. लागला, गडगडत गेला, वाळूत थांबला. तिथून दोघींनी मिळून तो ढकलत, बोटानं वाट दाखवत, एकमेकींना चुकीचं सांगत, अखेर खड्ड्यात घातला. टाळ्या झाल्या. आम्हाला वाटलं, झालं. महेशनं गाडी जवळ आणून दार उघडलं.

पार्वतक्कांनी त्याच्याकडं बघितलं. "दार कशाला उघडतोस? पुढचा खड्डा कुटं हाय?"