वावरात न जाणारी पोर

बारावीच्या वर्षी कॉलेजच्या मुलाखतीसाठी मला साडी नेसवायची, असं आमच्या घरात परस्पर ठरलं होतं, आणि तो बेत मोडायला मला चांगलंच भांडावं लागलं. मुलाखत मोबाइलवर होणार, पलीकडच्यांना माझा चेहराच तेवढा दिसणार, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. पण मुलीला चार प्रश्न विचारायला परगावचे लोक येतात तेव्हा काय करायचं असतं, हे सोनगीरजवळच्या आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. शेजारच्या काकू तर विचारायला आल्या, "पाव्हना कितला शेतस? कपबश्या आनू का?"

कॉलेज होतं दिल्लीकडे. अर्ज ढिगाने येतात आणि घेतात मूठभर मुलं, अशातलं. धुळ्याच्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी अकरावीत ते माझ्या डोक्यात भरवलं, आणि मग दीड वर्ष मला दुसरं काही सुचलं नाही. अर्जासोबत स्वतःविषयी निबंध पाठवायचा होता. मी देशसेवा, आदर्श विद्यार्थी वगैरे मोठमोठे शब्द घालून एक झकास निबंध लिहिला. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ही मुलगी कोण? मी हिला ओळखत नाही."

दिवाळीच्या सुट्टीत काय केलंस ते लिही, असं त्यांनी सांगितलं. मी फणकारले. दिवाळीच्या सुट्टीत मी काय करणार, कापूस वेचला. "मग तेच लिही," त्या म्हणाल्या.

तर मी तेच लिहिलं. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधून ओळीला लागलं की मी इतिहासाचे धडे मोठ्याने म्हणायची. पाठ व्हावेत म्हणून. शेजारच्या ओळींतल्या बायांना आधी हसू यायचं, मग त्या ऐकायला लागल्या आणि शेवटी शेवटी तर हट्ट धरायला लागल्या, की काल राजा कुठे पळाला होता तिथून पुढे सांग. त्यांना कळेल असं सांगता सांगता तो धडा मला पहिल्यांदा कळायचा. एवढंच लिहिलं होतं. निबंध इंग्रजीत, त्यामुळे घरी कुणी वाचला नाही. मला मुलाखतीला बोलावलं ते त्या निबंधावरून.

मुलाखतीसाठी अक्का, माझी मोठी बहीण, जळगावच्या सासरहून आली. तिने भिंतीवर नवी चादर लावली, माझी वेणी घातली. आईने सकाळीच माझ्या हातांना साय चोळली. बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली होती, ती मऊ दिसावीत म्हणून. हात दिसणार नाहीत असं मी म्हणाले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुले काय समजस." वडील, म्हणजे नाना, धुतलेला सदरा आणि टोपी घालून माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मुलीने एकटीनेच बसायचं असतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. ते हसले होते. "पाव्हनास समोर पोर एकली कशी बठी?"

पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर एक सर आणि एक बाई दिसल्या. सुरुवात बरी झाली. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण चालत होतं. मग बाईंचं लक्ष नानांच्या खांद्याकडे गेलं, तेवढाच काय तो दिसत होता. त्या पुण्याच्या निघाल्या. त्यांनी मराठीत नमस्कार केला आणि सहज विचारलं, "मुलगी शेतात मदत करते का हो?"

नाना पुढे सरकले. "नही नही ताई. आम्हनी पोर वावरमा जास नही. फक्त अभ्यास."

हे वाक्य मी आधीही ऐकलेलं होतं. अक्काला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा नाना याच खुर्चीवर बसून हेच बोलले होते. आमच्याकडे मुलीची बाजू अशीच मांडतात. वावरात न जाणारी पोर म्हणजे खात्यापित्या घरची पोर, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हाही आईने अक्काच्या हातांना साय चोळली होती.

बाईंचा चेहरा बदलला. सरांनी समोरचे कागद उलटले. मग बाईंनी फार हळुवारपणे मला विचारलं, "मग हा निबंध कोणी लिहिला?"

मी तशी तोंडाची तिखट. घरात मला कुणी बोलण्यात हरवत नाही. पण माझे वडील खोटं बोलले, हे परक्यांसमोर मी कसं म्हणणार? आणि गप्प राहावं, तर दीड वर्षाचं सगळं तिथंच संपत होतं. मी मान खाली घालून बसले. बघायला आलेल्यांसमोर बसतात, अगदी तशी.

नानांना काहीतरी बिनसल्याचं कळलं. त्यांनी हळूच विचारलं, "काय लिखेल शे तू?"

"मी कापूस येचस, ते."

त्यांनी माझा हात धरला, तळवा उघडला आणि मोबाइलसमोर नेला.

"ताई, मी खोटं बोलनू. पोर वावरमा जास. हाई देखा तिना हात." मग म्हणाले, "मोठीना टाईमले बी असंच सांगेल व्हतं. कापूस येचनारी पोर कोनले पसंत पडी?"

माझे नाना चारचौघांत चुकलो म्हणणारे नव्हेत. मला त्यांची इतकी माया आली, की समोरचं धूसर झालं. बाई मात्र हसल्या, आणि शेवटचा कोणता धडा बायांना सांगितला होतास, असं त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले, मराठीत, मग इंग्रजीत, मग दोन्ही मिसळून, आणि थांबवेपर्यंत थांबले नाही.

मोबाइल बंद झाला तेव्हा अक्का पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. कापूस ती माझ्यापेक्षा भरभर वेचायची, गावात तिचं नाव होतं. तिने ट्रे खाली ठेवला. "नाना, मना हात बी दखाडाले पाहिजे व्हतात," ती म्हणाली. रागाने नाही. पोहे बराच वेळ तसेच राहिले आणि मग आम्ही सगळ्यांनी ते गार खाल्ले.

जूनमध्ये निवड झाल्याचं कळलं. ऑगस्टमध्ये नाना मला सोडायला आले. होस्टेलच्या खोलीत दुसऱ्या मुलीचे वडील भेटले, इस्त्रीच्या कपड्यांतले, बोलायला गोड. आपली मुलगी पियानो वाजवते, असं त्यांनी सांगितलं, आणि तुमची काय करते म्हणून विचारलं. नानांनी टोपी सारखी केली.

"हमारी लडकी कपास चुनती है," ते म्हणाले. आणि लगेच पुढे, "बडीवाली इससे भी तेज चुनती है."