दोन कॅम्पर व्हॅन आणि दारव्ह्याचा सागवानी दांडा

आता घर सोडून कुठं मुक्कामाला जायचं नाही, असं श्रीकांतनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तोंडानं तो कधी बोलला नाही, पण लग्नाची पत्रिका आली की तारीख न बघताच कपाटावर ठेवून द्यायचा. श्रीकांत माझा नवरा. तीन वर्षांपूर्वी त्याला कंपवाताचं निदान झालं. उजवा हात थरथरतो आणि चालता चालता पाऊल एकदम जमिनीला चिकटतं, उचलतच नाही. एका हॉटेलच्या अनोळखी बाथरूममध्ये तो पडला, आणि त्या दिवसापासून आमचा प्रवास संपला.

मग एक दिवस मीच म्हटलं, "घर सोडायचं नाही ना? मग घरच बरोबर नेऊ."

कॅम्पर व्हॅन घ्यायची की नाही, नवी घ्यायची की जुनी, हे ठरवायला आम्ही डिसेंबरात चार दिवस यवतमाळ जिल्ह्यात हिंडलो. नवं मॉडेल नागपुरातून भाड्यानं घेतलं. भाडं चांगल्या हॉटेलच्या दोन खोल्यांएवढं, डिझेल वेगळं. जुन्या गाडीची जाहिरात मला फोनवर दिसली होती: "दारव्हा. सोळा वर्षं जुनी. आतलं काम सागवानी. येऊन पाहा." खाली फोटो एकच, तोही टायरचा.

गाडी मीच चालवते. नागपूर, वर्धा, देवळी, कळंब असा रस्ता चौपदरी आणि झकास आहे, त्यामुळे पहिल्यांदा मोठी गाडी हातात घेणाऱ्यांनी घाबरू नका. फक्त कापसाच्या गाड्यांकडे लक्ष ठेवा. त्या रस्त्याच्या अर्ध्या रुंदीएवढ्या भरलेल्या असतात आणि मागून वाट मागितलेली त्यांना ऐकू येत नाही. बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकलेले होते, मैलोन्‌मैल.

नवी गाडी आतून बघितली तेव्हा माझा आ वासला होता, हे कबूल करते. पांढरीशुभ्र, काचेसारखी चकचकीत कपाटं, दिवे कुठं लपलेत ते दिसत नाही, छताला पंखा, छोटा फ्रीज, आणि मुख्य म्हणजे न्हाणीघर. गादीवर बसलं की गादी आपला आकार घेते. दार बंद केलं की बाहेरचा ट्रक नुसता दिसतो, ऐकू येत नाही. दुपारच्या उन्हात छताला आतून हात लावला, तर गार. ज्यानं कुणी हे बांधलं त्याला उष्णतेचं ज्ञान पक्कं होतं.

कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं. देऊळ जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. श्रीकांत माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरला. खाली ओलसर गारवा, वरून येणारी उजेडाची एक पट्टी, आणि घंटेचा आवाज भिंतीतून फिरून परत येणारा. 

तिथून मुद्दाम बाभुळगावचा आतला रस्ता धरला, गाडीची परीक्षा म्हणून. पहिल्या दहा मिनिटांत चमचे वाजायला लागले. मग वरचं एक कपाट आपोआप उघडलं आणि पोह्यांचा डबा खाली आला. हे मी समजून घेतलं. नवी गाडी, स्क्रू आवळले की झालं. खरी अडचण वेगळी होती आणि ती यवतमाळला गेस्ट हाऊसच्या आवारात गाडी उभी केल्यावर कळली. दिवे, पंखा, पाणी, सगळं एका काचेच्या पाटीवर बोट टेकवून चालतं. श्रीकांतचं बोट थरथरतं. त्यानं एक दिवा लावायला बोट ठेवलं आणि सगळे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले, पंखा फिरायला लागला. कपाटांना मूठ नाही. नेमक्या जागी दाबलं की उघडतात. त्याला ती नेमकी जागा सापडेना. चालताना धरायला सुबक, गुळगुळीत भिंतीवर काहीच नाही.

"सुंदर आहे गं," तो गादीच्या कडेला बसत म्हणाला. "पण मी इथं पाहुणाच आहे."

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला पोचलो. आठवडी बाजाराचा दिवस होता; जीपगाड्या, हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग, त्यातून गाडी काढताना मला घाम फुटला. गाडीच्या मालकांचं, रशीदभाईंचं आवार गावाच्या टोकाला आहे. सत्तरीकडे झुकलेले, बारीक, कानावर पेन्सिल. जन्मभर ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधल्या, असं त्यांनी सांगितलं. शेडमध्ये ती व्हॅन उभी होती. बाहेरून रंग उडालेला, काचेचं रबर तडकलेलं. दार उघडलं तर डिझेलचा आणि जुन्या सागाचा मिसळलेला वास. छत तापलेलं. न्हाणीघर नाहीच.

"आत या," रशीदभाई म्हणाले. "घाईनं पाहू नका. हा खण ढकला."

मी एक खण आत ढकलला. तो आवाज न करता गेला, आणि शेजारचा खण आपोआप बोटभर बाहेर आला. मी दचकले. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच. आतल्या हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती, इतकं ते काम घट्ट बसवलेलं होतं. आणि हे सोळा वर्षांनंतर, विदर्भाचे सोळा उन्हाळे खाऊन.

"हे कसं काय टिकलं?" मी विचारलं.

"लाकूड तीन साल वाळू देल्लं होतं. घाई नव्हती ना मले."

तेवढ्यात एक बाई गाडीत चढून आल्या. हिरवी ओढणी, डोळे आमच्याकडे पण आमच्यावर नाहीत. डावा हात भिंतीलगतच्या लाकडी दांड्यावरून सरकत होता. "सलाम, ताई. चहा ठेवू काय?" असं म्हणत त्या शेगडीपाशी गेल्या, पातेलं काढलं, साखर काढली, काडी ओढली. कुठंही चाचपडणं नाही. या रशीदभाईंच्या पत्नी, नसीमबी. त्यांना दिसत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

तो दांडा मी नीट पाहिला. दारापासून मागच्या पलंगापर्यंत अखंड गेलेला, कंबरेच्या उंचीवर, कुठं कोपरा नाही, सगळी वळणं गोल. खालच्या बाजूला, बोटांना लागतील अशा बारीक खाचा. दर पावलाला एक, आणि खुणेला जास्तीच्या: पाण्यापाशी एक, चहा-साखरेपाशी दोन, औषधांपाशी तीन.

"माही नजर हळूहळू गेली," नसीमबी म्हणाल्या. "याहिले फिराचा भारी शौक. लॉजमध्ये उतरलो की हर खोली नवी. अन् हर खोलीत मी नव्यानं आंधळी. मंग याहीनं ही बांधली."

"पण मग... फिरायला जाऊन..." मी अडखळले.

त्या हसल्या. "लोक पाहाले जातात. मी ऐकाले जातो."

आता रशीदभाईंच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, गुडघे क्लच दाबू देत नव्हते. मुलीनं अमरावतीहून जाहिरात टाकली होती. ते म्हणाले, "असं उभ्या उभ्या नाही समजत. उद्या धरणावर चला. दोन्ही गाड्या नेऊ. मी सावकाश चालवतो. दिवसभर राहून पाहा, मंग बोलू."

तिसऱ्या दिवशी सकाळी दिग्रसजवळच्या अरुणावती धरणावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. पाणी नजर पोचेल तिथवर निळं, काठाला बदकांचे थवे, पलीकडे तुरीची पिवळी फुलं. त्या उजेडापुढे आमची पांढरी गाडी आणि त्यांची रंग उडालेली गाडी, दोन्ही अगदी किरकोळ दिसत होत्या.

नसीमबींनी आमची नवी गाडी पाहायला मागितली. त्या दाराशी आल्या, माझा खांदा धरून चढल्या, आणि पुढची वीस मिनिटं मी जे पाहिलं ते विसरणं शक्य नाही. दहा बोटांनी त्यांनी ती गाडी वाचली. कपाटाच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, "इथी पट्टी सुटून राह्यली. आणखी एक पावसाळा." टेबलाच्या कोपऱ्याशी थांबल्या. "हे लागते पोटात." मग खिडकीची काच सरकवली, बंद केली, आणि तिला कान लावला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाणी बंद झालं." त्यांना धरणाच्या लाटांचा आवाज म्हणायचा होता. काच पुन्हा उघडली, पुन्हा मिटली, लहान मुलीसारखी. "अहो, ऐकता काय? अशी खिडकी तुमाले नाही जमली!" त्यांनी बाहेर हाक मारली. न्हाणीघर पाहून तर त्यांनी दोन्ही हात कानशिलाला लावले. "येवढ्याशा गाडीत! आमी बादली घेऊन हिंडलो सोळा वर्षं."

तोवर श्रीकांत जुन्या गाडीत चढला होता. मी तिच्या दारात जाऊन पाहत होते. दोन पावलं टाकली आणि नेहमीसारखा तो अडकला. पाय जमिनीला चिकटलेले, अंग पुढं झुकलेलं. मी धावणार होते. तेवढ्यात त्याची बोटं दांड्याखालच्या खाचेला लागली. तो तिथं थांबला, पुढची खाच चाचपली, आणि पाऊल उचललं. मग पुढची खाच, पुढचं पाऊल. पलंगापर्यंत गेला. वळला. परत आला. पुन्हा गेला. माझ्याकडे बघून तो हसला. त्याचा चेहरा मी गेल्या तीन वर्षांत असा पाहिला नव्हता.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की बोटांना असा ठेका मिळाला तर काहींचं अडकलेलं पाऊल सुटतं. त्या वेळी मला काहीच माहीत नव्हतं. मला चमत्कार वाटला, आणि अजूनही वाटतो.

नसीमबींनी त्याच गाडीत सोलेभात केला. ओल्या तुरीचे दाणे, लसूण, वरून कच्चं तेल. चौघं जेवायला बसलो तेव्हा मी सरळ म्हटलं, "रशीदभाई, गाडी आम्ही घेतो. इंजिनचं काय करायचं ते आम्ही पाहू."

नसीमबींचा घास हातातच राहिला. त्यांनी मान खाली घातली.

रशीदभाई श्रीकांतकडे पाहत होते. "नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? विकायची आहे ना?"

"आहे. पण तुमाले नाही. हा दांडा हिच्या कंबरेच्या मापाचा आहे. साहेब उंच आहेत. पाह्यलं मी, वाकून चालत होते. दोन तास ठीक. दोन सालात पाठ जाईल."

मला राग आला. तीन वर्षांनी नवरा चालताना हसला होता, आणि हा माणूस मापाचं बोलत होता. "आम्हाला चालेल," मी जरा जोरातच म्हटलं.

"ताई, पसंत पडला म्हणून दुसऱ्याचा जोडा पायात घालता काय? तुमची नवी गाडी चांगली आहे. छत चांगलं, दार चांगलं, न्हाणी तर माह्या बापाच्यानं नसती झाली. फक्त ते कोणाच्या मापाचं नाही. तशी गाडी आतून रिकामी मिळत असंल तर आणा. साहेबाचं माप मी घेतो."

त्यांनी खिशातून सुतळी काढली. श्रीकांतला उभं केलं, बसवलं, झोपवलं, हात लांब करायला लावला. हात कुठं जास्त थरथरतो, कुठं कमी, ते पाहून सुतळीला गाठी मारल्या. श्रीकांत एखाद्या मुलासारखा सांगितलेलं सगळं करत होता.

"मंग ही कोणाले देता?" नसीमबींनी हळूच विचारलं.

"कोणालेच नाही. मोतीबिंदू काढून घेतो. गुडघ्याचं पाहू."

नसीमबींनी श्रीकांतच्या ताटात आणखी भात वाढला, डोंगराएवढा.

चौथ्या दिवशी यवतमाळमार्गे नागपूर. भाड्याची गाडी परत केली. फेब्रुवारीत त्याच मॉडेलची आतून मोकळी गाडी घेतली, छत आणि न्हाणीघर नागपुरात करून घेतलं आणि ती तीन आठवडे दारव्ह्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

तुम्ही मला विचाराल की जुन्या गाडीचं आतलं काम चांगलं की नव्या गाडीचं, तर जे पाहिलं ते सांगते. उष्णता, आवाज, पाणी, हवा, यात नवी गाडी कितीतरी पुढं आहे. सांधे, खण, कडा, यात जुनीच्या जवळपासही कुणी येत नाही. पण गाडी बघायला जाल तेव्हा नुसते उभे राहून फोटो काढू नका. डोळे मिटा आणि आत चालून बघा.

आमची गाडी घरी आली त्या दुपारी मी तेच केलं. श्रीकांत वर विश्रांती घेत होता. मी एकटीच चढले, डोळे मिटले आणि दांड्यावर हात ठेवून निघाले. दांडा श्रीकांतच्या उंचीचा, माझ्यासाठी जरा वर. खाचा मोजत पलंगापाशी पोचले. तिथं, जिथं उभी राहून मी त्याला रोज सकाळी उठवून बसवणार होते, माझा हात खाली कसल्यातरी गोल, गुळगुळीत वस्तूवर पडला. एक आखूड मूठ. श्रीकांतला ती फार खाली होती. माझ्या हाताला मात्र अशी बसली की सगळं वजन तिच्यावर टाकता आलं.

मी दारव्ह्याला फोन लावला. रशीदभाईंनी तो नसीमबींना दिला.

"ती तुमची," त्या म्हणाल्या. "धरणावर तुमचा खांदा धरून चढलतो ना मी. साहेबाले उठवू उठवू पार सुजला होता, ताई. कोणाले सांगितलं नाही काय?"

नव्हतं सांगितलं. श्रीकांतलासुद्धा नाही. मी फोन कानाशी धरून, त्या मुठीवर भार टाकून उभी राहिले, आणि बऱ्याच दिवसांनी मला रडू आलं.