जप्तीचे खेकडे

साहेबांनी पोतं माझ्या पायाशी ढकललं. आत खेकडे खरखरत होते.

"मॅडम, एवढे साफ करून द्या. आचाऱ्याला जमंना. तुमच्याकडं तर घरोघर चालतं हे."

तुमच्याकडं म्हणजे कुणाकडं, ते व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांना कळलं. तलावाचा ठेकेदार हसला. त्याचा मेव्हणा हसला. मी मत्स्य खात्यातली अधिकारी. प्राणिशास्त्र शिकलेली, परीक्षा देऊन लागलेली. देगलूर तालुक्यातल्या त्या तलावावर माझ्या सहीशिवाय जप्ती होत नव्हती. आणि मी रेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात उकिडवी बसले. नांग्या मोडायला लागले.

का बसले? नोकरी अजून कायम झाली नव्हती. शेरा साहेबांच्या हातात होता. हे कारण आहे. माफी नाही.

एक मादी हाताला लागली. पोटाखालची झापडी उचलली तर आत पिल्लं. ज्वारीच्या कण्यांएवढी, वळवळणारी. मी ती घेऊन बाहेर गेले.

"सर, ही पिल्लांवाली आहे. आपल्याच आदेशात हिला धरायला बंदी आहे. पाण्यात सोडते."

"टाका पातेल्यात," साहेब म्हणाले. "रस्सा दाट होईल."

सगळे पुन्हा हसले. मी टाकली.

माझी माय शिरूर अनंतपाळकडची. रोजगार नसला की ओढ्यात उतरायची, दगडाखाली हात घालून खेकडे धरायची. शाळेत पोरी माझ्या दप्तराचा वास घ्यायच्या आणि नाक दाबायच्या. मला मायची लाज वाटायची. पण पिल्लांवाली हाताला लागली की माय ती हलकेच परत ठेवायची. "लेकुरवाळी हाय. जाऊ दे तिला."

सरकारला हे कळायला लई वर्षं लागली. मग आदेश निघाला. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, विकायला खेकडे धरायचे नाहीत. पिंजरे लावायचे नाहीत. पिल्लांवाली मादी तर कधीच धरायची नाही. घरी खाण्यापुरते हातानं धरायला मोकळीक. मला हे पटलं होतं. वस्त्यावस्त्यांत तो कागद मीच चिकटवला होता.

तलावात ठेकेदाराच्या पिंजऱ्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. ऐन बंदीत त्याचा टेम्पो हैदराबादला जात होता. त्याला कुणी हात लावत नव्हतं. आदेश पडायचा तो हातानं धरणाऱ्यांवर.

त्याच दिवशी सकाळी कोंडाबाई सापडली होती. तलावाकाठच्या बौद्ध वस्तीतली, पन्नाशीची, मजुरी करणारी. गुडघाभर पाण्यात उभी. काठावरच्या बादलीत एका कालवणापुरते खेकडे. मेव्हण्यानं बादली ओढली.

"परवाना कुठाय?"

"खायला धरलेत. खायला परवाना लागत न्हाई. कागदावर लिवलंय, लेकीनं वाचून दावलंय मला."

मी चिकटवलेला कागद तिला पाठ होता. मेव्हण्याला ते झोंबलं. त्यानं बादलीला लाथ घातली. ती बादली धरायला वाकली. दगडावर टेकलेल्या तिच्या हातावर त्यानं बूट ठेवला. दाबला. मग विडी विझवावी तसा फिरवला. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी म्हणाले, "अहो, राहू द्या."

एवढंच.

साहेब जीपमधूनच बोलले. "मॅडम, पंचनाम्यात लिहा, पाय घसरून पडली. माल विक्रीसाठी."

मी लिहिलं. सही केली. तिच्या बादलीतले खेकडे पोत्यात ओतले, वर ठेकेदाराच्या पिंजऱ्यातले भरले. कागदावर सगळं पोतं तिच्या नावावर. आणि दुपारी तेच पोतं माझ्या पायाशी.

रस्सा उकळत होता, तेव्हा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात ती आली. हाताला लुगड्याची चिंधी, चिंधी लाल झालेली. बादली मागायला आली होती. सकाळी माझ्या अंगावर रेनकोट होता, तोंडाला रुमाल. तिनं मला ओळखलं नाही. तिनं पाहिलं ते फरशीवर बसलेलं बाईमाणूस, कोपरापर्यंत चिखल आणि खेकड्याचं पाणी.

हळू आवाजात म्हणाली, "माय, तुलाबी धरून आणलं का गं यांनी?"

आजवर मला कुणी इतक्या जोरात मारलं नव्हतं.

"न्हाई मावशी. सकाळचा पंचनामा मीच लिहिला."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग तू खाली का बसलीस?"

मेव्हणा आत आला. तिला बघितलं, तिचे केस मुठीत धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटायच्या आत मी उठले. पातेलं शेगडीवरून त्याच्या पायांवर ओढलं. रस्सा त्याच्या नडग्यांवरून गेला. तो गुरासारखा ओरडला. केस सुटले. मग त्यानं मला मारलं, उलट्या हातानं, ओठ दातांवर फाटला. माझ्या जातीचं नाव घेऊन शिवी दिली. व्हरांड्यातली सगळी दारात आली. कुणी त्याला धरलं नाही.

मी पिशवीतून पंचनामा काढला. साहेबांनी माझं मनगट पिरगाळलं.

"वेडी झालीस का? नोकरी जाईल."

मघापर्यंत अहो-जाहो होतं. मी साहेबांच्या हाताला चावले. रक्त येईपर्यंत. मनगट सुटलं.

ओट्यावर ठेवून लिहिलं. वरचा मजकूर खोटा आहे, तो मीच लिहिला आहे. बोटं कुणी मोडली. पिंजरे कुणाचे. जप्तीचा माल कुणाच्या पातेल्यात. खाली सही. फोटो काढला. जिल्ह्याच्या कचेरीत पाठवला, पोलिसांना पाठवला, कोंडाबाईकडून नंबर घेऊन तिच्या लेकीला पाठवला.

मी निलंबित आहे. मेव्हण्याला भाजल्याचा गुन्हा माझ्यावर लगेच लागला. कोंडाबाईची तक्रार घ्यायला ठाण्यानं टाळाटाळ केली. वस्तीतल्या बाया फाटकात बसून राहिल्या, तेव्हा घेतली. तिची दोन बोटं आता वळत नाहीत. तिनं मला माफ केलेलं नाही. भेटले की म्हणते, "खोटं लिवलंस ते लिवलंस." बरोबर म्हणते.

साहेबांचा निरोप आला. पंचनाम्यावरचं ते लिखाण रागाच्या भरात केलं, असं लिहून द्या, कामावर घेऊ.

देणार नाही. रागाच्या भरात मी काही केलं नाही. भीतीच्या भरात केलं, ते सकाळी. तेही चौकशीत सांगणार, माझ्या तोंडानं, सगळ्यांसमोर.

बंदी अजून आहे. पिंजरेही अजून पाण्यात आहेत. सोमवारी आम्ही दिवसाढवळ्या तलावात उतरणार. मी, कोंडाबाई, तिची लेक, वस्तीतल्या बाया. पिंजरे उपसून तहसीलच्या दारात आणून टाकणार. आडवा येईल त्याचं नाव लिहिणार. हात उचलेल, त्याच्यावर हात उचलणार. आता खाली बसणार नाही.