गल्लीभर चमकी

मी पाचवीत होते तेव्हा केडगावच्या आमच्या गल्लीत कार्डं जमवायचं वेड आलं. ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. च्युइंगमच्या पाकिटात एक कार्ड निघायचं, त्यावर एखादा प्राणी किंवा पक्षी. बहुतेक कार्डं साध्या पुठ्ठ्याची. अस्वल, कोल्हा आणि बदक तर प्रत्येकाकडे चार-चार. पण फार क्वचित कुणाला तरी चमकीचं कार्ड लागायचं. त्यात चित्रामागची सगळी जागा चंदेरी असायची, आणि उन्हात जरा तिरकं धरलं की त्यावरून हिरवा, जांभळा, केशरी रंग पाण्यासारखा वाहत जायचा.

चमकीचं कार्ड वजनाला जड असतं, असं कुणीतरी पसरवलं होतं. त्यामुळे आम्ही दुकानात पाकिटं तळहातावर तोलत उभे राहायचो. दुकानदारकाका म्हणायचे, "घ्यायचं तर घ्या. ती काय भाजी आहे निवडायला?" एवढं तोलूनही मला कायम बदकच लागलं.

आमच्या गल्लीत चमकीची कार्डं होती तीन. त्यातलं एक होतं माझ्या वर्गातल्या मैत्रिणीकडे. ती मूळची पाथर्डीकडची. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. त्या वर्षी तिची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी तिला आमच्या घराशेजारी राहणाऱ्या तिच्या मावशीकडे ठेवलं. गल्लीत सगळे तिला 'पाथर्डीची' म्हणायचे. ती 'आहे'ला 'हाय' म्हणायची, 'नाही'ला 'न्हाई', आणि पोरं लगेच तिची नक्कल करायची. म्हणून सुरुवातीचे काही दिवस ती नुसती ओट्यावर बसून आमचा खेळ बघायची. कुणी काही विचारलं तर मान हलवायची, बोलायची नाही.

मग एक दिवस तिने मराठीच्या पुस्तकाच्या कव्हरात जपून ठेवलेलं कार्ड मला दाखवलं. चमकीचा खंड्या. निळे पंख, लाल चोच, आणि मागे सगळी चांदी.

"कुठे मिळालं?" मी विचारलं.

"आण्णांनी घेऊन दिलं हुतं," ती म्हणाली. आण्णा म्हणजे तिचे वडील. "मला सोडायला आल्ते तवा. स्टँडवर. मी रडत हुते म्हणून."

एकच पाकीट, तेही रडू थांबावं म्हणून घेतलेलं, आणि त्यात चमकी. मी आतल्या आत जळले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. पोरं रांगेने मावशीच्या ओट्यावर आली. ती कार्ड कुणाच्या हातात देत नसे. स्वतःच धरायची, स्वतःच तिरकं करायची, आणि बघणारे माना तिरक्या करायचे. एकाने त्याच्या बदल्यात वीस साधी कार्डं देऊ केली, एकाने भोवरा. तिने दोघांनाही मानेनेच नाही म्हटलं. "ह्यो पक्षी आमच्या हिरीवर असतो," एवढंच सांगितलं. त्या दिवशी तिच्या 'ह्यो'ला आणि 'हिरी'ला कुणी हसलं नाही. उलट, तो विहिरीवर काय करतो, खरंच इतका निळा असतो का, असं विचारत बसले. दुसऱ्या दिवसापासून लगोरीत तिला दोन्ही बाजूंकडून बोलावणं यायला लागलं.

माझे पप्पा नागापूरला एमआयडीसीत एका छोट्या छपाई कारखान्यात कामाला होते. छापून आलेले मोठे कागद, पुठ्ठे, खोकी कापायचं मशीन ते चालवायचे. कारखाना शहराच्या एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या टोकाला, त्यामुळे सायकलवरून घरी येईपर्यंत त्यांचा चेहरा धुळीने भरलेला असायचा. जेवताना मी त्यांना त्या खंड्याबद्दल सांगितलं. एकदा नव्हे, आठवडाभर रोज. पप्पा फार बोलणारे नव्हते. "असं होय," म्हणायचे आणि पोळी मोडायचे.

पुढे महिन्याभराने एका शनिवारी ते सायकलच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेला एक गठ्ठा बांधून आले. मला हाक मारली आणि सुतळी माझ्याकडूनच सोडवून घेतली. आत चमकीचे मोठेच्या मोठे कागद होते. एकेका कागदावर कार्डांच्या ओळीच्या ओळी. वाघ, मोर, हरीण, गरुड, खंड्या.

"ते काम आमच्याकडेच कापायला आलंय," पप्पा म्हणाले. "हे वाया गेलेले. छपाई सरकलीय यांची. फोरमन म्हणाले, न्या पोरीला."

मी त्यांच्या गळ्यातच पडले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पप्पा अंगणात पाट घेऊन बसले आणि लोखंडी पट्टी लावून ब्लेडने एकेक कार्ड कापायला लागले. कारखान्यात आठवडाभर जे काम करायचे तेच सुट्टीच्या दिवशी हाताने, माझ्यासाठी. छपाई सरकली असल्यामुळे कुठल्या मोराचा पिसारा तुटायचा, कुठल्या वाघाला दुसऱ्या वाघाचा कान यायचा. पप्पा तरीही मापात, चारही कोपरे सारखे येतील असे कापायचे. त्यांच्या नखांत आणि हातावरच्या केसांत चंदेरी कचरा अडकला होता. आई म्हणाली, "लग्नातल्या वाजंत्र्यासारखे दिसताय." ते हसले आणि पुढचा कागद ओढला.

मी फ्रॉकची ओटी भरून कार्डं घेऊन गल्लीत गेले.

त्या दिवसाइतकी मोठी मी पुन्हा कधी झाले नाही. मागेल त्याला दिली. एकाला वाघ, त्याच्या बहिणीला मोर, न मागणाऱ्यालाही दोन. माझ्याभोवती गर्दी झाली. मैत्रिणीलाही मी चार दिली. तिने ती घेतली, आपल्या ओंजळीत नीट बघितली आणि म्हणाली, "लई हायेत गं तुज्याकडं." मला ते कौतुकच वाटलं.

पहिले दोन दिवस सगळे उन्हात कार्डं तिरकी करत बसले होते. चौथ्या दिवशी कुणी तिरकं करेना. आठवड्याने एकाने हरीण सायकलच्या तारांत अडकवलं, चाक फिरलं की फटफट आवाज यावा म्हणून. मग सगळ्यांनीच अडकवली. कुणी दप्तराच्या तुटक्या बक्कलखाली गरुड घातला. एका पोराला मी चपलेचा चिखल मोराने खरवडताना पाहिलं. तोच पोरगा पूर्वी भोवरा देऊन एक चमकी मागत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, चमकीचं आहे ते." तो म्हणाला, "मग काय झालं? घरी अजून सहा आहेत." दुकानदारकाका मला बघून म्हणाले, "आता पाकीट कोण घेणार गं माझं?" ते चिडून बोलले नाहीत, पण मला पुढे काही दिवस त्यांच्या दुकानासमोरून जायला नको वाटायचं.

माझंही तेच झालं होतं. गठ्ठा पलंगाखाली होता आणि मला तो काढावासा वाटत नव्हता. एकदा काढून, एक वाघ घेऊन खिडकीत नेला. रंग तसेच वाहत होते. त्यात काहीच कमी झालेलं नव्हतं. तरी मला काही होईना. मला भीती वाटली, आपलंच काहीतरी बिघडलं की काय.

खंड्या बघायला आता कुणी मावशीच्या ओट्यावर जात नव्हतं. गल्लीत खंड्याची कार्डं कमीत कमी दहा झाली होती. आणि एका संध्याकाळी लगोरीचे गडी पाडताना कुणीतरी म्हणालं, "पाथर्डीची नको, तिला राहू द्या. हाय-न्हाई, हाय-न्हाई." सगळे हसले. ती निमूट जाऊन ओट्यावर बसली. मी तिथेच उभी होते. मी हसले नाही, पण बोललेही नाही.

त्या रविवारी पप्पा पुन्हा पाट घेऊन बसले. अजून बरेच कागद उरले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "पप्पा, आता नको."

त्यांचं ब्लेड थांबलं. "का? नीट कापली जात नाहीत का?"

"तसं नाही." मग मी त्यांना सगळं सांगितलं. सायकलच्या तारा, चिखल, लगोरी. सांगता सांगता मला रडू आलं, कारण पप्पांच्या बोटाला ब्लेड लागून चिंधी बांधलेली होती आणि मी त्यांना नको म्हणत होते.

त्यांनी ब्लेड पाटावर ठेवलं. मग म्हणाले, "मी एकच आणायला पाहिजे होतं." आणि पुढे, "तू रोज सांगायचीस ना, मला वाटलं जेवढी जास्त तेवढं बरं."

त्यांनी पट्टी पुसली, कागद पुन्हा पोत्यात गुंडाळले आणि पाट भिंतीला लावला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी कार्डं परत गोळा करायचा प्रयत्नही केला. दारोदार जाऊन मागितली. अर्ध्या पोरांना ती कुठे टाकली ते आठवत नव्हतं. ज्यांनी दिली त्यांची मळलेली, दुमडलेली, चांदी उडालेली. एका घरात कार्डाने दाराची फट बुजवली होती. अठरा कार्डं हातात घेऊन मी मावशीच्या ओट्यावर गेले आणि मैत्रिणीसमोर ठेवली.

"माझ्यामुळे तुझ्या कार्डाचं वाटोळं झालं," मी म्हटलं.

तिला कळेना. "माज्या कार्डाला काय झालं?" तिने पुस्तक उघडलं, कव्हरात बोट घालून खंड्या बाहेर काढला, उलटसुलट बघितला. "हाय की तसंच."

"पण आता सगळ्यांकडे आहेत ना तशी."

"त्यांचे त्यांच्याकडं," ती म्हणाली. "ह्यो आण्णांनी दिलेला हाय." मग तिने तो परत ठेवला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि खाली बघत म्हणाली, "कार्डाचं न्हाई वाटत गं मला काही. खेळायला घेत न्हाईत, त्याचं वाटतं."

मी तिचा हात धरला आणि तिला खाली ओढलं. गडी पाडायचं चाललं होतं. मी म्हटलं, "ही माझ्या बाजूला. आम्हा दोघींना मिळून एक गडी धरा." पोरं कुरकुरली, पण माणसं कमी होती म्हणून तयार झाली. तिचा नेम चांगला होता, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. फक्त कुणीतरी तिला बोलवायचं राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा वेगळी गडी झाली. नक्कल करणारे करतच राहिले, पण आता तीही त्यांना उलट बोलायला शिकली होती.

कार्डांचं वेड गेलं ते गेलंच. फेब्रुवारीत पोरं गोट्यांकडे वळली. कारखान्याने ते काम संपवलं, आणि पलंगाखालचे उरलेले कागद आईने धान्याच्या डब्यांत तळाला घातले.

उन्हाळा लागला तसे तिचे आण्णा तिला सुट्टीसाठी गावी न्यायला आले. उंच, काळेभोर, ऊसतोडीने वाळलेले. तिने आधी पुस्तक आणून त्यांना खंड्या दाखवला. ते म्हणाले, "अजून ठेवलंय व्हय? मला वाटलं, गोळीबरूबर कागदबी टाकला असशील." त्यांनी तो दोन बोटांत धरून बघितला, तिरका केला, आणि पुन्हा तिच्याच हातात दिला.

मावशी कामावर गेली होती म्हणून आईने त्यांना आमच्याकडे जेवायला बसवलं. पप्पांना सुट्टी होती. दोन पुरुष, दोघेही कमी बोलणारे. मग आण्णांचं लक्ष पप्पांच्या बोटावरच्या वणाकडे गेलं. "मशिनीत सापडलं का?"

"नाही. घरीच, ब्लेडनं." पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आण्णांनी आपला डावा हात पुढे केला. त्यावर कोयत्याच्या खुणा होत्या, जुन्या आणि नव्या. पप्पांनी विचारलं, "धार कशावर लावता?" तिथून दोघं जे सुरू झाले ते थांबेनात. कुठला दगड चांगला, पातं किती दिवस टिकतं, बोथट पात्यानेच हात कापतो, धारदार पात्याने नाही. आम्ही दोघी पिशवी घेऊन दारात उभ्या होतो. रस्त्यावर पाथर्डीला जाणारा जीपवाला हॉर्न देत होता, आणि आण्णा पप्पांना ताटाच्या कडेवर बोट फिरवून धार धरायचा कोन दाखवत होते.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आण्णांनी तिला पुन्हा मावशीकडे आणून सोडलं, आणि ती सहावीत माझ्याच बाकावर येऊन बसली. पुढची तीन वर्षं आम्ही दोघी त्याच बाकावर बसलो.