ट्रंकेतल्या चिठ्ठ्या

"दोन बॅगा, आई. तिसरी दिसली तर तिला आणि तुला जिन्यातच ठेवीन," असं लेकीनं साताऱ्याहून फोनवर बजावलं. तिचा मुलगा चार महिन्यांचा, तिची रजा संपत आलेली, आणि नातवाला सांभाळायला आम्ही दोघं पलूसचं घर सोडून तिच्या दोन खोल्यांत राहायला जाणार. दोन खोल्यांत पाळणा मावतो, माणसं मावतात, माझ्या बरण्या मावत नाहीत. त्यात मूल झाल्यापासून तिला साधं राहायचं वेड लागलं होतं. सामान कमी, डोकं शांत. आठवणींचे मोबाइलवर फोटो काढायचे आणि वस्तू देऊन टाकायच्या. डोकं काही शांत झालेलं दिसत नव्हतं. बोलता बोलता रडायची. "मला जमत नाहीये गं," म्हणायची.

आणि मी काय म्हणायचे? "आमी न्हाई का सांभाळलं? तुझे पप्पा फौजेत, घरात नऊ माणसांचा स्वयंपाक, दारात दोन म्हशी. तुला काखोटीला मारून सगळं केलं. डोळ्यातनं टिपूस न्हाई काढलं." एवढं ऐकलं की ती आणखी रडायची. मला वाटायचं, काय धीर देते मी पोरीला.

रविवारी ती बाळाला घेऊन आवराआवरीला आली. पुढच्या सोप्यात तीन ढीग मांडले: ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. तिसऱ्या ढिगाशी माझं पटेना. कान तुटलेल्या कढईसाठी मी अर्धा तास भांडले. बरणी फुटून झाकण उरलंय, म्हणून झाकण टाकायचं, हा काय न्याय झाला? नवरा मांडीवर नातू घेऊन गंमत बघत होता. निवृत्त झाल्यापासून हेच त्याचं काम. मग माळ्यावरून काळी ट्रंक खाली आली.

"ही टाकून द्या भंगारात," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडं बघायला लागली.

"उघडून तरी बघू," लेक म्हणाली.

"काय बघायचंय? उंदराच्या लेंड्या असतील. घरात तान्हं लेकरू हाय."

"तू कढईच्या कानासाठी भांडलीस आत्ता. आणि ट्रंक न उघडता टाकायची?"

"तूच म्हणतीस न्हवं, साधं राहायचं? राहते की मी साधी."

तिनं कडी काढली. मला एकदम दूध उतू जातंय असं वाटलं, पण गॅसवर दूध नव्हतं.

आता त्या ट्रंकेच्या मालकिणीबद्दल सांगायला हवं. बाई म्हणजे तेव्हाची मी, बावीस वर्षांची, बारावी पास, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री असलेली. लेक झाली तेव्हा नवरा लांब, बर्फात. त्यानं पत्रात लिहिलं, "बाळाचं सगळं जपून ठेव, रजेवर आलो की बघीन." शहाण्या बाईनं एक फोटो काढून ठेवला असता. हिनं सगळं म्हणजे सगळं ठेवलं. अंगडी, टोपडी, कुंची, काळ्या मण्यांच्या मनगट्या, औषधाची रिकामी बाटली, चावून चावून दातांच्या खुणा पडलेला लाकडी खुळखुळा. नाळेचा सुकलेला तुकडा हिंगाच्या डबीत ठेवला. सासूबाई महिनाभर डबी शोधत होत्या आणि हीपण त्यांच्याबरोबर शोधत होती. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली, जणू उद्या कुणी संग्रहालयच काढणार होतं.

चिठ्ठ्यांचं कारण वेगळं. आमच्याकडं सुनेचं पत्र पोस्टात पडायच्या आधी मामंजी सोप्यात बसून मोठ्यानं वाचत. शुद्धलेखन तपासायला, असं म्हणत. त्यामुळं माझ्या प्रत्येक पत्रात सर्व कुशल असे. म्हशी कुशल, ऊस कुशल, बाळ कुशल. जे कुशल नव्हतं ते या बयेनं चिठ्ठ्यांत लिहिलं आणि घड्या घालून ठेवलं. नवरा येईल तेव्हा वाचेल.

लेक चौदा महिन्यांची झाली तेव्हा तो आला. हिनं खोलीत पलंगावर सगळं मांडलं, फौजेत तपासणीला सामान मांडतात तसं. तो तीन दिवस रेल्वेत बसून आलेला. त्यानं एक अंगडं उचललं, "छान हाय," म्हणाला, आणि तिथंच टोपड्यांवर डोकं टेकून झोपला. मिशावाला परका माणूस बघून लेकीनं घर डोक्यावर घेतलं. एकाही चिठ्ठीची घडी उघडली नाही. मग ही रुसली. दोन महिने रुसली, आणि का ते सांगितलं नाही, कारण नवऱ्याला असल्या गोष्टी आपोआप कळायला हव्यात, असा हिचा अभ्यास होता. रजा संपली, तो गेला. हिनं ट्रंकेला कडी लावली.

ती कडी आता लेकीनं काढली होती. कुंचीची चिठ्ठी उलगडून ती मोठ्यानं वाचायला लागली. मोठ्यानं वाचायची खोड आजोबांचीच.

"'हिची कुंची. काल रात्रभर रडत होती. मीपण रडले. जास्त कोण रडलं ते सासूबाईंना विचारा, त्या मोजत होत्या.'"

नवऱ्यानं मान वर केली.

"'खुळखुळा. दात आलेत. मला चावते. तुमी तिकडं बर्फात मजेत असाल.'"

"मजेत," नवरा म्हणाला.

"तवा काय म्हाईत मला बर्फ कसा असतो," मी म्हटलं.

लेकीनं औषधाची बाटली उचलली. तिची चिठ्ठी मोठी होती. ती वाचताना तिचा आवाज उतरला.

"'आज हिला पाळण्यात रडत ठेवून उसाच्या फडात जाऊन बसले. कुणाला सांगितलं नाही. परत घरी जाऊच नये असं वाटलं. मला हे जमत नाही. माझ्यापेक्षा म्हैस बरी आई आहे.'"

मी फेकायच्या ढिगातली कढई उचलून पुसायला लागले.

"टिपूस काढलं नाहीस ना तू?" लेक म्हणाली.

"टिपूस न्हाईच. बादली."

ती हसली. हसता हसता रडायला लागली, पण हे रडणं फोनवरच्यासारखं नव्हतं, नाक पुसायला तिला स्वतःचा पदर कमी पडला. मग माझा घेतला.

"मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे," ती म्हणाली. "चार महिने तू मला..."

"व्हय. चार महिने मी खोटं बोलले. बत्तीस वर्षं बोलतीया, चार महिन्यांचं काय घेऊन बसलीस."

"मग फडातनं परत का आलीस?"

"ऊन लय होतं."

नवऱ्यानं चष्मा मागितला. मी कधी एवढ्या मुकाट्यानं त्याला काही आणून दिलं नव्हतं. त्यानं बाळाला खांद्यावर घेतलं आणि लेकीला म्हणाला, "जा पोरी, पड जरा. ह्याला मी बघतो."

"त्याची दुधाची वेळ..."

"रडला तर तुझ्या आईला फडात पाठवतो. तू झोप."

ती आतल्या खोलीत नुसत्या सतरंजीवर आडवी झाली. उशीसुद्धा मागितली नाही. पाच मिनिटांत घोरायला लागली, बापासारखी. बाळ थोडं कुरकुरलं, तरी ती उठली नाही. मी आत जाऊन तिच्या अंगावर लुगडं टाकून आले. अंगडी, टोपडी शेजारच्या नवीन बाळंतिणीसाठी वेगळी काढली, बाटली फेकली, ट्रंक रिकामी करून दाराशी ओढली. चिठ्ठ्या एका पिशवीत भरल्या तेव्हा त्या मूठभर झाल्या. दोन बॅगांत सहज मावल्या असत्या.

नवऱ्यानं ती पिशवी माझ्या हातातून घेतली. एक एक घडी उलगडून, खांद्यावरच्या नातवाला थोपटत, तो मोठ्यानं वाचायला लागला. मधेच थांबून चष्म्यावरून माझ्याकडं बघायचा.

"आता बगून काय उपेग?" मी म्हटलं. "आणि मनातल्या मनात वाचा. पोरगी झोपलीया."