सरळ वर गेलेलं बीळ

कोपरीची म्हातारी माणसंसुद्धा आगीनगाडीच्या शिट्टीला दचकेनाशी झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या मिठागराकाठी मी विहीर खणत होतो. वीस पुरुष खोल! मामा म्हणायचा, चार. तो वर दोर धरून उभा. त्याला खालचं काय कळणार?

मऊ चिखल संपून शिंपल्यांचा कठीण थर लागला. पहारीने टवका उडाला आणि भिंतीत दिसली खेकड्यांची बिळं! बांधात बीळ म्हणजे खाडी आत. आम्ही मिठागरवाले जेवता जेवता उठून ते बुजवतो. त्यात पायाखाली गार पाणी झिरपू लागलं. मी बोंबललो, "खांड पडली!"

मिठागरावर ही आरोळी म्हणजे बांध फुटला. हातातलं टाकून पळायचं. मामाच्या हातात माझा दोर होता. त्याने तोच टाकला. अख्खा दोर माझ्या डोक्यावर!

"मामा! अरे, इथे, इथे!"

वर नुसती आभाळाची चकती.

पाणी गुडघ्याला आलं. मूठभर चिखलाने बीळ बुजवायला गेलो, तर नख मोडलं. ते आधीच बुजलेलं, आतल्या वाळूचा दगड झालेला. कुठल्या युगातली खाडी ही! खालची बिळं ऐसपैस वाकडी. खेकडा बिऱ्हाड थाटतो तेव्हा अशीच वळणं घेतो. त्यांच्यावर हातभर वाळू, एका दमात कोसळलेली. तिच्यात बिऱ्हाड एकही नाही. तिच्यातून बिळं गेली होती सरळ वर, ओळंबा धरल्यासारखी. जीव घेऊन पळताना वळणं कोण घेतं? दोन वर पोचून पुन्हा वाकली होती, म्हणजे वाचली. एक अर्ध्यातच संपलं होतं. त्याच्या टोकाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

तेवढ्यात मामाचं डोकं दिसलं. "आरं, खांड कुठं? सगला बांध पालथा घातला!"

"खांड राहू दे! दोर टाक!"

"दोर तुझ्याकडंच हाय रं! थांब, दुसरा आणतो."

थांब? थांबलेल्याचं काय होतं, ते माझ्या नाकासमोर होतं. पहारीने खोबण्या पाडत, नखं रोवत मी निघालो.

पाणी घोट्याएवढंच होतं, असं मामा शेवटपर्यंत सांगत राहिला. सांगू दे. भिंतीवर माझे ओरखडे आहेत. त्यात एक वळण दाखवा.