रीनाने लावलेला आवाज

सानगडीचे मारोतराव लाउडस्पीकरवाले. लग्न असो, सप्ताह असो की दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडईची जत्रा, पंचक्रोशीत भोंगे आणि स्पीकरचे डबे त्यांचेच लागायचे. त्यांची लेक रीना लहानपणी ट्रॉलीत डब्यांवर बसून त्यांच्यासोबत जायची. मारोतराव मशीनचे बटण फिरवत आणि रीना मांडवाच्या पार टोकाला जाऊन ऐकून यायची.

"बाबा, मागं काहीच समजत नाही," ती परत येऊन सांगायची.

"आवाज तर जाते ना?"

"आवाज जाते. शब्द नाही जात."

मारोतराव हसून बटण आणखी वर चढवायचे. पण पोरीच्या डोक्यातून ती गोष्ट कधी गेली नाही. साकोलीला आयटीआय केल्यावर बाकीच्या मैत्रिणींनी वेगवेगळ्या नोकऱ्या धरल्या, रीना मात्र भंडाऱ्यात गाड्यांना टेप-स्पीकर बसवणाऱ्या एका दुकानात कामाला लागली. पुढे मनिषशी लग्न झाले. तो सीट कव्हर शिवणारा. दोघांनी मिळून हायवेलगत स्वतःचे दुकान टाकले. सुरुवातीला गिऱ्हाईक रीनाकडे बघून न बघितल्यासारखे करायचे आणि मनिषला विचारायचे, "मिस्त्री कुठं गेला?" मनिष हातातल्या सुईनेच तिच्याकडे दाखवायचा. "हेच मिस्त्री हाय." पुढेपुढे तसे विचारणारे कमी झाले आणि गोंदियाहून, पवनीहून लोक तिचे नाव काढत येऊ लागले.

अशातच एक दिवस भुपेंद्र आपली नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. तोही मूळचा सानगडीचाच. आता भंडाऱ्यात राहतो आणि वरठीच्या स्टील प्लांटमध्ये नोकरी करतो. त्याची आई गिरजाबाई गावातल्या बायकांचे भजनी मंडळ चालवते. गावोगावच्या कार्यक्रमांना तिला नेता यावे, म्हणूनच त्याने मोठी गाडी घेतली होती.

"आई म्हणते, या गाडीत आमचं भजन डब्यात गोटे हालवल्यावानी वाजते," तो म्हणाला. "डिक्कीत मोठा बेसचा बॉक्स टाकून दे."

रीना गाडीत बसली आणि नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारून आली. गाडी चालू आहे की बंद, तेच कळत नव्हते. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या घरघरीखाली कितीतरी गोष्टी झाकल्या जातात. इथे झाकायला काहीच नव्हते. टायरची सळसळ, दाराच्या पत्र्याची थरथर, बेल्टच्या बक्कलची टिकटिक, सगळे उघडे पडले होते.

"बॉक्स टाकून देते," ती उतरून म्हणाली, "पण मग बॉक्सच वाजेल, आई नाही वाजणार. पहिले गाडी चूप करू. मग आवाज लावू."

भुपेंद्रला ते पटले. तिने चारही दारे उघडली. आत पातळ पत्रा होता. बोटाने टिचकी मारली की टिणटिण करायचा. त्यावर तिने आवाज दाबणारे काळे जाड शीट गरम करून, रोलरने दाबून चिकटवले. आता टिचकी मारली की लाकडावर मारल्यासारखा मुका आवाज येत होता. जुने स्पीकर काढून चांगले बसवले, बारीक आवाजाचे छोटे स्पीकर समोर काचेच्या कोपऱ्यांत लावले आणि सीटखाली लहानसा अॅम्प्लिफायर ठेवला. कंपनीची एकही वायर कापली नाही, सगळे जोड सॉकेटचे केले. नारिंगी वायरींकडे तर तिने बोटही नेले नाही. त्या मोठ्या बॅटरीच्या, तिथे हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

सगळे लावून झाले. गाडी थोडी पुढे नेली, आणि स्पीकरमधून कानाशी डास गुणगुणावा तसा बारीक सूर निघाला. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, सोडला की उतरायचा. रीनाचे तोंड उतरले. सीट पुन्हा वर काढली, एकेक जोड तपासला. अॅम्प्लिफायरची अर्थिंग तिने ज्या बोल्टला दिली होती, त्याच्याखाली रंग होता. लोखंडाला लोखंड नीट टेकतच नव्हते.

"चूक माझीच आहे," भुपेंद्र आला तेव्हा तिने सरळ सांगितले. "आज गाडी नाही देत. मले पुन्हा करू दे."

"कर ना बापा. मी जातो बसनं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने रंग घासून जागा लखलखीत केली, अर्थिंग पक्की आवळली. गुणगुण गेली. मग भुपेंद्रने मोबाइलवरचे आईचे भजन लावले. झांज फुटत होती, शब्द एकमेकांना चिकटत होते.

"हे कुठून आणलं?"

"ग्रुपवर आलं होतं. दहा जणांनी पुढं ढकललेलं असंल."

"मग त्याच्यात काय उरलं असंल? हे भजन झालं त्या दिवशी मशीन कोणाचं होतं?"

मशीन मारोतरावांचेच होते. मूळ रेकॉर्डिंग त्यांनी जपून ठेवले होते. रविवारी दुपारी रीना आणि भुपेंद्र गाडी घेऊन सानगडीला गेले. मारोतरावांनी पेन ड्राइव्ह दिला, अंगणात गाडी उभी राहिली, आणि गिरजाबाईसोबत मंडळाच्या आणखी बायकाही जमल्या.

रीनाने लॅपटॉप जोडला. "काकू, इथं उभं राहून थोडं म्हणा," ती म्हणाली. गिरजाबाईने अभंगाची पहिली ओळ धरली. रीना डोळे मिटून ऐकत राहिली, मग गाडीत बसून तीच ओळ रेकॉर्डिंगची ऐकली. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. खरा आवाज समोर उभा असताना अंदाजाने कशाला काम करायचे? गाडीतला आवाज नाकातून येत होता. तिने लॅपटॉपवर मधल्या पट्टीचा आवाज थोडा उतरवला. झांज टोचत होती, ती मऊ केली. ड्रायव्हरच्या उजव्या दाराचा स्पीकर कानाच्या जवळ, डावीकडचा लांब, म्हणून सगळे भजन उजव्या दारातच गोळा होत होते. तिने मोजायच्या टेपने अंतरे मोजली आणि जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडला, म्हणजे सगळे आवाज कानाशी एकदमच पोचतील.

गिरजाबाई आत बसली. ऐकून म्हणाली, "मी तर समोर काचेपाशी उभी हाओ असं वाटून राहिलं."

बायका एकेक करून बसू लागल्या. रुखमिणीबाई तेवढ्या लांब उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज पुरुषासारखा खर्जातला. त्या भजनात नेहमी मागच्या ओळीत बसत आणि माइकपासून दूर सरकत.

"मी कायले बसू?" त्या म्हणाल्या. "माझा आवाज त्याच्यात नाहीच."

रीनाने त्यांचा हात धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवले आणि दार लावून घेतले. भजन सुरू झाले. पुढे गिरजाबाई, बाजूला झांज, आणि त्या सगळ्यांच्या खाली, जमिनीतून उगवल्यासारखा एक भरीव आवाज प्रत्येक ओळीला खांदा देत होता. रुखमिणीबाईंनी स्टीअरिंग घट्ट धरले. बऱ्याच वेळाने त्यांनी काच खाली केली.

"हे जे खालून येऊन राहिलं, ते मी हाओ?"

"तूच," गिरजाबाई म्हणाली. "असा आवाज दुसऱ्या कोणाचा हाय? पुढच्या खेपेपासून माझ्या बाजूले बसायचं."

रुखमिणीबाईंनी काच पुन्हा वर केली आणि भजन संपेपर्यंत उतरल्या नाहीत. उतरल्या तेव्हा पाठ ताठ होती. डोळे पुसले, पण लपवून नाही.

मारोतराव दाराशी उभे होते. "माझ्याच रेकॉर्डिंगमध्ये ही बाई होती," ते जमलेल्यांना म्हणाले, "आणि मले पत्ता नव्हता. माझ्या पोरीनं शोधून काढली."

परतताना भुपेंद्रने बोलायचे सोडून भजनच लावले. साकोली गेले, लाखनी गेले. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, भाताची बांधबंदिस्त शेते, मागे पडत होती आणि गाडीत चाकांचाही आवाज नव्हता. रीना सीटला टेकून आपलेच काम ऐकत होती, आणि कुठे काही सुधारायला हवे असे तिला एकदाही वाटले नाही.